शुक्रवारचं विमान

करंजाडे, पनवेल
१२ जानेवारी २०२६

चि. ललितास,

अनेक आशीर्वाद. पायावरची सूज उतरली का? आठवा महिना सरत आला, आता जिना कमी चढ. हे पत्र तिकडे येणाऱ्या शेजारच्या भाविकाबरोबर पाठवते आहे. तिच्या बॅगेत बाळासाठी दोन गोधड्या आहेत, माझ्या जुन्या लुगड्यांच्या. मऊ आहेत.

तू म्हणशील, आई स्वतःच शुक्रवारी निघणार, मग गोधड्या भाविकाकडे कशाला?

तिकीट काढलं तेव्हा हरेशने मोबाइलवर नकाशा दाखवला होता. मुंबई ते ऑकलंड बारा हजार किलोमीटरच्या वर. सिंगापूरला विमान बदलायचं, सगळं धरून वीस तास. मी तुझ्या भावाला हसून म्हटलं, "पोरीसाठी एवढं बसवणार नाही का मला?" बसायची भीती अजूनही नाही.

बाबा बरे आहेत असं दर रविवारी तुला सांगते. ते खरं नाही. दिवाळीपासून ते विसरतात. आधी चष्मा, मग गॅस, आता माणसं. मंगळवारी मी बाजारात गेले आणि ते घराबाहेर पडले. दुपारभर शोधलं. शेवटी नव्या विमानतळाच्या गेटवरून फोन आला. आपलं जुनं घर होतं तिथे आता विमानं उतरतात, हे त्यांच्या डोक्यातून गेलंय. जवानाशी भांडत होते, "माजा घर आतमदी हाय. मना जाव दे, पोर शालंशी येल." बिचाऱ्याने त्यांना पाणी देऊन बसवलं होतं. मला बघून म्हणाले, "शांते, लली आयली का?" मी "आयली" म्हटलं, तेव्हा कुठे रिक्षात बसले.

हरेश म्हणतो, तू जा, मी बघतो. पण जासईच्या कंटेनर यार्डात त्याची रात्रपाळी असते, आणि बाबा त्याच्या हातचं जेवत नाहीत. परका माणूस घरात शिरलाय म्हणतात. मी आभाळात असताना ते पुन्हा निघून गेले तर मला कळणारही नाही. कळलं तरी परत यायला पुन्हा तेवढेच तास.

लले, मी तिकीट रद्द केलं.

फोनवर सांगायला दोनदा धीर केला. दोन्ही वेळा तू माझ्यासाठी लावलेली खोली दाखवत होतीस.

आणखी एक केलंय, रागावशील. तुझ्या सासूबाईंना फोन केला. लग्नातल्या भांडणानंतर पहिल्यांदाच. म्हटलं, "विहीणबाई, माझ्या पोरीजवळ बाईमाणूस कुणी नाही." त्या म्हणाल्या, "सत्यजीतने माझा व्हिसा कधीचाच काढून ठेवलाय. बोलावणं तेवढं येत नव्हतं. तिला तिखट कितपत चालतं ते सांगा." मी सांगितलं, बेताचंच.

त्यांना येऊ दे. मागचं काढू नकोस.

बाळ झालं की जावईबापूंना लगेच फोन करायला सांग. मी बाबांच्या कानाला लावीन. त्यांनी तुला नावाने हाक नाही मारली, तर तूच आधी त्यांना हाक मार.

तुझीच,
येऊ न शकलेली
आई