खंडोजीला धारच्या खेळात पाठवण्याबाबत

मी, विद्युल्लता श्रीधर आठल्ये, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार देवास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची खात्री डॉक्टर देत नाहीत, म्हणून लिहायला घेतलं. मला कोणी भरीस घातलेलं नाही, उलट सगळे "आत्ताच कशाला" म्हणून मागे लागले होते.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझा मुलगा मनन याला. गच्चीवर पत्रे टाकायची त्याची फार इच्छा आहे. खुशाल टाकावेत, मी बघायला नसेन.

कलम २. पाटल्या नात अवंतीला. ती घालणार नाही हे मला ठाऊक आहे. मोडल्या तरी हरकत नाही.

कलम ३. खंडोजी. वकिलांना हे कलम नको होतं, म्हणून खुलासा करते. माझा भाचा अंकुर दर रविवारी माझ्या डायनिंग टेबलावर एक खेळ चालवत असे. त्यात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, सूत्रधाराने प्रसंग सांगायचा, आपण काय करतो ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. एक गडी कमी पडला म्हणून मला बसवलं. मी खंडोजी झाले. किल्ल्याचा पहारेकरी, तलवारीत पटाईत, आणि कोणाच्याही अंगावर जाण्याआधी त्याचं नाव-गाव विचारणारा.

खंडोजी ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे, तीत वडिलोपार्जित काही नाही. यजमान गेल्यावर या घरात मी मोठ्याने बोलले ती त्याच्याच आवाजात. मला तो फार आवडतो. मननइतका नाही, पण त्याच्या खालोखाल.

अंकुरची धारला बदली झाली आणि आमचा खेळ थांबला. तिथे त्याने नवा सुरू केला. अवंती तिथेच नोकरीला आहे, तीही खेळते. तिने खंडोजी मागितला. मी आनंदाने हो म्हटलं. अंकुर फोनवर म्हणाला, "आत्या, नवीन गोष्ट, नवीन कॅरेक्टर. खंडोजी आला तर बाकीची पोरं काय करतील? बसून राहतील ना भिया!" आत्याला भिया, म्हणजे भैया, म्हणणारा हा सूत्रधार.

तरी त्याचं म्हणणं मी तपासलं, आणि ते बरोबर आहे. जुना गडी सगळ्या सामानासकट नव्यांत उतरला तर खेळाचा विचका होतो. म्हणून मी असं ठरवते: खंडोजीची जादूची तलवार, वाऱ्याचे जोडे आणि चिलखत जुन्या खेळातच राहील. कमावलेल्या सगळ्या पायऱ्या सोडून तो धारला पहिल्या पायरीवर उभा राहील. साधी काठी चालेल. फक्त नाव-गाव विचारायची सवय आणि लंगडा पाय कोणी काढून घेऊ नये. तेवढं राहिलं तर तो खंडोजी, नाहीतर कोणीही.

कलम ४. लंगड्या पायाबद्दल. आमच्यात एक रीत आहे. शेजारच्या अल्पना जैन एकदा खरोखरच मोहनखेड्याच्या जैन तीर्थाला दर्शनाला गेल्या, तेव्हा अंकुरने त्यांचं पात्रही मोहनखेड्याला धाडलं. तेव्हापासून जो गैरहजर, त्याचं पात्र मोहनखेड्याला. तिथे त्याला कोणी हात लावायचा नाही. मी दवाखान्यात असताना आमच्यातल्याच विपुलने ही रीत मोडली, खंडोजीला स्वतः खेळवलं आणि दरीत पाडलं. पाय तेव्हाचा. वर म्हणतो, "काकू, फासाच खराब पडला, माझी काय गलती?" विपुलला खंडोजीची ढाल हवी आहे. साक्षीदाराला काही ठेवू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून मी विपुलला साक्षीदार केलं आहे.

कलम ५. सागवानी डायनिंग टेबल अंकुरला, ज्याच्यावर त्याचा पहिल्यापासून डोळा आहे. अट एकच: धारला त्या टेबलावर जो पहिला खेळ होईल, त्यात खंडोजीला वर लिहिल्याप्रमाणे घ्यावं. न घेतल्यास टेबल मननने वापरावं. तो त्यावर इस्त्री करेल, हे अंकुरने लक्षात ठेवावं.

कलम ६. माझे फासे आणि खंडोजी अवंतीला. ती मला म्हणाली होती, "आजी, मी खेळवला आणि तो मरून गेला तर?" तर मरू द्यावा. जपून कपाटात ठेवायला मी तिला तो देत नाही. तिला मराठी वाचायला जड जातं, तेव्हा हे मननने तिला वाचून दाखवावं, आणि मध्ये रडू नये.

कलम ७. पहिल्या दिवशी खंडोजी वेशीवर येईल तेव्हा अंकुरने सूत्रधार म्हणून विचारावं, "इतके दिवस कुठे होतास?" अवंतीने त्याच्या आवाजात सांगावं, "मोहनखेड्याला." पुढे काही विचारू नये, आत घ्यावं.

त्या टेबलाशी कोणी माझ्याबद्दल विचारलं, तर तेच उत्तर द्यावं.

वाचून, समजून सही केली.
विद्युल्लता श्रीधर आठल्ये

आमच्यासमोर सही झाली:
१. अल्पना जैन
२. विपुल सोनगरा (ढालीबाबत नाराजी नोंदवून)

देवास, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५