आडवं पाडलेलं कपाट

४ मार्च

कपाट मिळालं! पुस्तकांचं, माणसाएवढं उंच. आज ज्यांचं घर हलवलं त्या बाई म्हणाल्या, नव्या घरात हे बसत नाही, कुणाला हवं तर न्या फुकट. बाकीचे हमाल गप्प. मी हात वर केला. शाळेत कधी केला नाही तो!

ड्रायव्हरदादा म्हणाले, "अरे, तुझ्याकडे शर्ट दोन. कपाट कशाला?" सगळे हसले. हसू देत. आडवं पाडायचं, मधल्या फळ्या काढायच्या — झाली पोरीची खाट.

५ मार्च

बायकोचा फोन. सोळा तारखेला येतेय, पोरीला घेऊन. मी खूश झालो तर म्हणाली, "हुरळून जाऊ नका. आठ दिवस राहीन, बघीन, मग ठरवीन. तुमच्या पायाला भिंगरी. वर्षात तीन गावं, तीन खोल्या. पोर काखेत घेऊन कुठं कुठं चूल मांडू मी?"

खरंच आहे. एका जागी जरा दिवस झाले की मला कोंडल्यासारखं होतं.

९ मार्च

फळ्या निघेनात. खिळे गंजलेले. हातोडीने ठोकल्या तर एक बाजू तडकली. चिडून लाथ घातली — अंगठा सुजला. कपाट तसंच!

१२ मार्च

फळ्या शेवटी करवत मागून आणून कापून काढल्या. रंगही फुकट. एका घरात उरलेले डबे होते, पिवळा आणि निळा. कुठलाच पुरेना, म्हणून एकत्र केले. झकास पोपटी झाला! बाहेरून लावला. आतल्या बाजूला संपला.

१३ मार्च

हमालीतल्या जुन्या जोडीदाराचा फोन. तो आता बंदरावर असतो. "जागा आहे, खोली कंपनीची. ये की लगेच!" दिवसभर ओझी उचलली, डोक्यात बंदरच. अजून समुद्र बघितला नाही मी.

१५ मार्च

उद्या येणार. आतून पांढरा मारला. किती वेळ वाळवायचा ते डब्यावर लिहिलं असेल, कोण वाचत बसतो! पंखा लावलाय. सारखं बोट लावून बघतोय. सगळीकडे माझ्या बोटांचे ठसे.

१६ मार्च

आल्या दोघी. पोरीला आजवर फोनवरच बघितलेलं. मला बघून तिने भोकाड पसरलं. बायकोने खाटेत दुपटं टाकलं, उचलायला गेली — चिकटलेलं!

"झोपवायचीय का रंगवायचीय हिला?"

मग खाली चादर पसरून पोरीला घेऊन झोपली. खाट मी भिंतीला उभी केली. परत कपाट झालं!

१९ मार्च

तिच्या पिशव्या अजून बांधलेल्याच. लागेल तेवढं काढते, परत गाठ मारते. जोडीदाराचा पुन्हा फोन आला. तिने ऐकलं. भांडी जरा जोरात घासली.

२१ मार्च

सकाळी विचारलंच तिने. "जाणार आहात का?"

म्हटलं, माहीत नाही.

"बरं. माझं चोवीसचं तिकीट आहे, मला माहीत आहे."

कामात लक्षच नाही. सोफा जिन्यात अडकवला. मुकादम ओरडला, "राजे, झोप झाली का?" दुपारी त्याच जिन्यातून जोडीदाराला फोन लावला. नाही येत म्हटलं. त्याने शिवी हासडली. फोन ठेवला तर पाय नुसते वळवळायला लागले. उगाच चार मजले चढलो, उतरलो.

घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "आज नाही म्हणालात. पुढच्या महिन्यात?"

पोरीच्या दुपट्याची घडी घालत बसलो. खोटं कशाला बोलू?

२२ मार्च

रंग वाळला एकदाचा. पोर झोपली खाटेत! "डुगडुगतेय," बायको म्हणाली, आणि कोपऱ्याखाली पुठ्ठा सरकवला. पिशव्यांच्या गाठी तशाच.

२३ मार्च

कामावरून आलो तर दाराबाहेर टेबल, भिंतीला टेकवलेलं. पाय तीनच. खणाला मूठ नाही. म्हटलं, कुणी टाकलं हे इथं?

बायको आतून म्हणाली, "मी आणलं. पलीकडच्या बिल्डिंगखाली पडलं होतं. चौथा पाय तेवढा बसवा. पोरीला अभ्यासाला होईल."

पोर सात महिन्यांची आहे!