वाफा नंबर तीन

१३ सप्टेंबर, शनिवार
आजपासून रोजनिशी. कारण, आजपासून शेती.
सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे रामदासची जमीन आहे. अर्धी त्याने बिल्डरला दिली, त्यावर आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. उरलेल्या अर्ध्यात त्याचं भात आणि भाजी. यंदा त्याने विहिरीजवळ सहा वाफे पाडले आणि सोसायटीतल्या लोकांना हंगामापुरते वापरायला दिले. मला नंबर तीन मिळाला. शनिवार पेठेत आमच्या सात पिढ्यांत कोणी तुळशीपलीकडे काही लावलं नाही. बाबा फोनवर म्हणाले, हिंजवडीला गेलास तेव्हाच वाटलं होतं असं काहीतरी होणार.
लावायचं काय, हे ठरलेलं. वांगी. वल्लरीचं माहेरचं दैवत खंडोबा. चातुर्मासात ती वांगं खात नाही, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग सोडते. आणि वांगं तिला माझ्यापेक्षा जास्त आवडतं. तिला शब्द दिला, यंदा सोडशील ते माझ्या वांग्याने. ती म्हणाली, बरं, पण ठरलं तर मग दुसऱ्या कुठल्या वांग्याला हात लावणार नाही. नुसती गंमत म्हणून नाही, खरंच म्हणाली.

१४ सप्टेंबर, रविवार
रोपं लावली. चोवीस. ओळी दोरी धरून.
शेजारचा वाफा नंबर चार कोणी घेतला? पुष्करने. अख्ख्या सोसायटीत दुसरा कोणी मिळाला नाही.
हा पुष्कर दहा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली कामाला लागला. लॉगिन कसं करायचं तेही मी शिकवलं. मार्चमध्ये तो माझा मॅनेजर झाला. अजून मला श्याम सर म्हणतो, तेही मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. मला त्याचा हेवा बिलकुल नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.
सँडल घालून आला, रोपं कशीबशी खोचली, गोदाबाईंशी म्हणजे रामदासच्या आईशी गप्पा मारल्या आणि वीस मिनिटांत गेला. बघू.

२० सप्टेंबर, शनिवार
आज माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम.
पंपावर स्वतःची पेटी बसवली. सहा वाफ्यांच्या नळ्यांना सहा व्हॉल्व्ह. ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांच्यासाठी पेटीवर सहा बटणं, बाकी सगळं ॲपवर. माझ्या वाफ्यात ओलावा मोजणारा सेन्सर. खताची वेगळी टाकी. पाणी पहाटे साडेपाचला आपोआप सुटणार, मी तेव्हा झोपलेला असणार. शेतीत हजारो वर्षांत ही सुधारणा कोणाला सुचली नव्हती.
रामदास बटणांवर रंगाने आकडे काढत होता. विहिरीपासनं एक, दोन, तीन. काढू दे. ॲपमधली यादी मात्र मी आमच्या पद्धतीने ठेवली. आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून होते, पहिल्याचा नंबर शून्य, दुसऱ्याचा एक. सवयीची शिस्त आहे ती. माझा वाफा नंबर तीन, ॲपमध्ये तीन टाकला.
पुष्करला ॲप दाखवलं. म्हणाला, भारी आहे सर, पण मला कुठे जमणार, मी आपला देवाच्या भरवशावर. उत्तम. देव त्याच्याकडे, सेन्सर माझ्याकडे.

२१ सप्टेंबर, पहाटे ५.३५
बाल्कनीत उभा राहून ऐकलं. पंप सुरू झाल्याचा आवाज आला. ॲपवर हिरवा दिवा. यशस्वी. परत झोपलो.

२८ सप्टेंबर, रविवार
पाऊस चालूच. सगळ्यांची रोपं सारखीच दिसतात, त्यामुळे गुणवत्ता कळत नाही.
रामदासकडून एक प्रथा कळली. चंपाषष्ठीला गावच्या खंडोबाला भरताचा नैवेद्य त्याच्या शेतातल्या सगळ्यात चांगल्या वाफ्यातल्या वांग्यांचा जातो, आणि ज्याचा वाफा तो माणूस ताट घेऊन देवळात जातो. यंदा हे सहा वाफेही धरणार आहेत.
सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: यंदाचा नैवेद्य वाफा नंबर तीनचा, ताट माझ्या हातात. पुष्करने टाळ्यांची सात चित्रं टाकली. सातच का, हे समजलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
पाऊस थांबून आठवडा झाला. माझी नऊ रोपं मान टाकून आहेत. पुष्करची चोवीस उभी. पानं तळहाताएवढी.
तो मागचे तीन रविवार फिरकलेला नाही. मी चौकशी केली आहे.
सेन्सर सांगतो कोरडं. पाणी वीस मिनिटांवरून चाळीस केलं.
गोदाबाई म्हणाल्या, बाबा, झारीनं घाल दोन हात पाणी, मर्तील ती. त्यांना सेन्सरबद्दल समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, व्हय का, आणि गवत काढायला गेल्या.

१९ ऑक्टोबर, रविवार
अठरा रोपं आजारी. पाणी एक तास.
कोणी बघत नाही असं पाहून पुष्करच्या वाफ्यात बोट घातलं. माती ओली. चांगली ओली. म्हणजे कोणीतरी येऊन पाणी घालतं. एवढ्यावरून कळायचं ते कळलं.
रामदास मागून आला आणि म्हणाला, साहेब, तुमच्यासारखं मन आमच्या गावात बी कुणाचं न्हाई. पहाटंचं रोज बघतो मी. टेक्नॉलॉजीची खरी कदर शेवटी शेतकऱ्यालाच.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
संशय गोदाबाईंवर. पुष्कर त्यांना आजी म्हणतो, त्यांच्या गुडघ्याला तेल आणून देतो. माणसं अशी फितवली जातात.
मीही बाकरवडीचा मोठा पुडा नेला. म्हटलं, माझ्याही वाफ्याकडे लक्ष असू द्या. त्या म्हणाल्या, लक्ष हाय की, रोज बघती, लई वाईट वाटतं. पुडा ठेवून घेतला.
वल्लरीने संध्याकाळी बाल्कनीतून खाली पाहिलं आणि विचारलं, त्या हिरव्यागार वाफ्याच्या शेजारचा वाळलेला तो आपला का? मी म्हटलं, इतक्या उंचीवरून रंग नीट कळत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
जुना मोबाइल बाल्कनीच्या कठड्याला बांधून वाफ्यांवर कॅमेरा लावला. आठवडाभराचं रेकॉर्डिंग, सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत. पुष्करच्या वाफ्यात आलेले प्राणी पुढीलप्रमाणे: एक बगळा, गोदाबाईंची शेळी (हाकलली), मी (दोनदा). बाकी कोणी नाही.
त्याच्या झाडांना फुलं आली आहेत. जांभळी. दिसायला बरी आहेत, एवढंच म्हणेन.
माझी सहा झाडं उरली. हार मानायची नाही. लोणी काळभोरच्या एका नर्सरीवाल्याने सांगितलेलं द्रवरूप खत आणलं, टाकीत ओतलं, सोमवार पहाटेची वेळ लावली. महागातलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
पुष्करला वांगी लागली.
खत माझं, वांगी त्याला. हा योगायोग कुठल्या पुस्तकात बसतो? ऑफिसमध्येही हेच. दहा वर्षं रात्रंदिवस मी राबलो, प्रमोशन त्याला. काही लोकांच्या झाडाला आपोआप फळं लागतात. मला हेवा नाही. मला फक्त कारण हवं आहे.
सेन्सर उपटून टाकला. सतत कोरडं, कोरडं. अशा नकारात्मक यंत्राचा उपयोग नाही. आता पाणी रोज दीड तास.

९ नोव्हेंबर, रविवार
हे लिहू नये. पण रोजनिशी माझी आहे.
ॲपमध्ये प्रत्येक वाफ्याचं पाणी कायमचं बंद करायची सोय आहे. ती फक्त माझ्याकडे. आज दुपारी बाल्कनीत बसून नंबर चारचं कुलूप लावलं. बटण दाबूनही आता पाणी येणार नाही.
हा प्रयोग आहे. शास्त्रात तुलना करावीच लागते.
चहा कडू लागला.

१६ नोव्हेंबर, रविवार
नंबर चार आठ दिवस कुलपात. पुष्करची वांगी दुप्पट.
समजत नाही. खरंच समजत नाही. जमिनीखाली झरा असेल.
पाचव्या वाफ्याच्या मंदाकिनी काकू, निवृत्त शिक्षिका, भेटल्या. त्यांचं बटण आठवड्यापासून चालत नाही. बादलीने पाणी वाहून कंबर धरली आहे. म्हणाल्या, श्याम, तुझ्या यंत्रापेक्षा माझी बादली शिकलेली आहे. मी म्हटलं, सर्व्हर डाउन असेल. दोन्ही गोष्टींचा संबंध नसल्यामुळे विसरून गेलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
चंपाषष्ठीला सुट्टीचा अर्ज. मंजूर कोणी करायचा? पुष्करने. दोन मिनिटांत केला आणि खाली लिहिलं, नक्की घ्या सर, तुमचाच दिवस आहे.
टोमणा आहे. उघड टोमणा आहे. दिवसभर तेच डोक्यात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
पीक मोजलं. वांगी दोन. एक लिंबाएवढं, एक त्याहून लहान. भरीत होईल, चमचाभर.
वल्लरीला सांगावं लागलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. साडेचार महिने झाले. काल बाजारात ती वांग्यांच्या ढिगाशी थांबली, एक हातात घेऊन फिरवलं आणि ठेवून दिलं. मी मागे उभा राहून पाहत होतो. म्हणाली, ठरलंय ना आपलं, मग तुझ्या दोनाचंच करू.
उद्याचा संकल्प: शांत राहणे. पुष्करकडे न बघणे.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
झालं ते क्रमाने लिहितो.
सकाळी आठ वाजता वाफ्यांपाशी सगळे जमले. रामदासने सगळ्यांसमोर जाहीर केलं, यंदाची वांगी चार नंबरची. पुष्कर पुढे आला. आजही सँडल. कानकोंडा होऊन म्हणाला, खरं सांगतो, मी काहीच केलं नाही, लावल्यापासून चार वेळासुद्धा आलो नसेन.
मी मनात म्हटलं, निदान कबूल तरी करतो.
तेव्हा रामदास म्हणाला, ते खरं हाय. चार नंबरला पाणी समदं ह्या श्यामसायबांनी घातलं.
मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो सांगतच गेला. रोज पहाटं साडेपाचला मी विहिरीवर असतो, तुमचं मशीन सुरू व्हतं आन् पाणी पडतं चार नंबरला. तीन नंबर कोरडा ठाक. आधी वाटलं चुकतंय, पण एवढा शिकलेला माणूस, चुकंल कसा? मग कळलं. दोस्त कामात गुतलाय म्हून सोताची झाडं मारून त्याची जगवली. खत बी त्यालाच. म्या गावात सांगितलं, शेजारी असावा तर असा.
शून्य, एक, दोन, तीन. मी तिथे उभ्या उभ्या बोटांवर मोजलं. विहिरीपासून मोजलं तर शून्यापासूनचा तीन म्हणजे चौथा.
लोक टाळ्या वाजवत होते. गोदाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. पुष्करचे डोळे भरले. अगदी खरे भरले, मी जवळून पाहिलं. म्हणाला, सर, लॉगिनपासून आजवर तुम्हीच. आणि ताट माझ्या हातात दिलं. मी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही.
मंदाकिनी काकूंनी तेवढ्यात विचारलं, मग माझं बटण कोणी बंद केलं? मी एक बोट पुढे मोजलं. चार म्हणजे पाचवा. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. शाळेत चाळीस वर्षं काढलेली बाई.
भंडारा उधळला, यळकोट झाला. ताट घेऊन मी पुढे, पुष्कर मागे. ग्रुपवर लिहिलं होतं त्यातलं ताटाचं तेवढं खरं झालं.

२६ नोव्हेंबर, दुपारी ४
पुष्कर घरी पिशवी भरून वांगी देऊन गेला. वल्लरीने चुलीसारखा धूर येईस्तोवर गॅसवर भाजली, कांदा बारीक चिरला, रोडगे केले. पान वाढलं आणि बसली, पण घास घेतला नाही. विचारलं, श्याम, ऑफिसात तुम्ही मोजता ते शून्यापासून ना?
मी हो म्हटलं.
म्हणजे ही तुझ्या पाण्याची, ती म्हणाली. माझा शब्द मोडत नाही. आणि जेवली. दोनदा घेतलं. डोळे मिटून खाल्लं.
माझी दोन वांगी फ्रीजमध्ये आहेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी चार नंबरचं कुलूप काढलं. काकूंचा मेसेज आला, सर्व्हर सुधारला वाटतं.
ऑफिसात पुष्करने सगळ्या टीमसमोर गोष्ट सांगितली. टाळ्या. मग बाजूला घेऊन म्हणाला, पुढच्या हंगामातही माझा वाफा तुम्हीच बघा सर, तुमच्याइतकं मनापासून मला जमणार नाही. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.
मला पुष्करचा हेवा वाटतो. इतके दिवस लिहिलं नाही, आज लिहितो. मार्चपासून वाटतो. काल तर सगळ्यात जास्त वाटला, कारण त्याने आभार मानले ते खरे होते, आणि मी घेतले ते खोटे.
संध्याकाळी झारी आणायला जायचं आहे. वल्लरी म्हणाली, एकच आण, दोन्ही वाफ्यांना पुरेल.