कागदाचा पास

शिरूर,
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप वन्संना सविताचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं का? आलं असलं तरी मी फोन करणार नाही. मागच्या वेळी मी सूनबाईचं, हर्षदाचं सांगत होते आणि तुम्ही शेवटपर्यंत आमच्या म्हशीची चौकशी करत होतात. त्यापेक्षा पत्र बरं.

हर्षदाला सहावा लागलाय. एप्रिलमध्ये दिवस भरतील. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. पोरीला आई नाही, तेव्हा बाळंतपणाला मीच जायचं असं विश्वजीतचं कधीपासून ठरलेलं. कंपनीची मशिनं बसवायला तो देशोदेशी विमानानं फिरतो, त्याचे म्हणे मैल जमा होतात आणि पुरेसे झाले की एक तिकीट फुकट मिळतं. माझ्यासाठी तो ते साठवत होता. आता बघतो तर निम्मे प्रवास जमाच नाहीत.

त्याचं कारण असं, की तिकिटावर नाव एका विमान कंपनीचं आणि उडवणारी दुसरीच, तिची जोडीदार. आपली डेअरी बंद असली की आपण शेजारच्या गावच्या केंद्रावर दूध घालतो ना, तसं. तिथं आपला सभासद नंबर लागला नाही तर दूध गेलं, नोंद नाही. ह्याचा नंबर जोडीदाराच्या विमानात लागलाच नाही. वर्षाच्या आत बोर्डिंग पास पाठवले तर अजून जमा करतील, पण ते पास ह्यानं टाकून दिले म्हणतो. असा कसा हा तुमचा भाचा!

तिकीट विकत काढतो म्हणत होता. एकाच्या पगारावर परदेशातलं घर चाललंय, मीच दटावलं. पण वन्सं, खरं सांगू? मला फार जायचंय. लेकाचं लेकरू एकदा माझ्या हातात यावं, एवढंच वाटतं. तुमच्याशिवाय हे बोलू कुणाजवळ?

दाजींना नमस्कार. लोभ आहे तो सोडू नका.

आपली,
सविता

---

दौंड,
१८ जानेवारी २०२५

सौ. सविता हिस साळूबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मशीन आलं, पण त्यात रेल्वेची शिट्टी तेवढी ऐकू येते. ती तर मला मशिनाशिवायही यायची.

पत्रासोबत जाड पाकीट आहे. त्यात विश्वजीतचे पास आहेत. त्यानं ते टाकले नव्हते, माझ्या पेटीत होते.

मे महिन्यात आणि दिवाळीत तो मुक्कामाला आला तेव्हा त्याचे कपडे मीच धुतले. जाकिटाच्या खिशातून, बॅगेच्या कप्प्यातून हे कागद निघाले. कचराच तो, त्याला काय विचारायचं, म्हणून ठेवून घेतले. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण त्याचं नाव कुठं छापलंय ते आता ओळखू येतं.

मी तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आले आणि लेकरू तुझ्या ओटीत घालून दौंडला निघाले, तेव्हा आईनं माझ्या पिशवीतून त्याचं टोपडंसुद्धा काढून घेतलं होतं, तुला आठवत असेल. दिलेल्या लेकराचं कापडसुदिक मागं ठेवायचं न्हाई, त्याचा जीव दोन्हीकडं ओढतो, असं ती म्हणाली होती. मी तो नेम पाळला. त्याचा फोटोही कधी भिंतीला लावला नाही. म्हातारपणी मोडला. त्याला मागायचं म्हणून नव्हे. तो गेल्यावर घरात त्याचं काहीतरी असावं, एवढ्यासाठी.

पाकीट पाठवू की नको, दोन दिवस ठरेना. पण तुझी वाट माझ्या पेटीत अडकून पडली, हे काही मनाला पटेना. किंतु धरू नकोस. लेकरू तुझंच आहे.

भाऊ पोपटला आशीर्वाद. मला परकी करू नकोस.

तुझी,
साळूबाई

---

शिरूर,
२७ जानेवारी २०२५

तीर्थरूप वन्संना शि. सा. न.

पाकीट पोचलं. तुम्ही थोरल्या आहात, म्हणून खरं तेच लिहिते. मला आधी राग आला. पाकीट धान्याच्या कोठीवर टाकलं आणि दिवसभर तिकडं फिरकले नाही.

लहानपणी तो सुट्टीला दौंडला राहून परत आला की मी त्याचं तोंड बघत बसायची. तिकडं काय जेवला, कुणाजवळ झोपला, आल्यावर मला पहिल्यासारखा बिलगतो का. आता तो बाप व्हायला आला तरी माझी ती खोड गेली नाही. तुम्ही एकदाही त्याला मागितला नाहीत आणि मी एकदाही निर्धास्त झाले नाही.

संध्याकाळी तुमच्या भावानं पाकीट उघडलं. सगळे पास बघून एवढंच म्हणाले, की ताईनं कागुद ठेवलं, पोरगं तर न्हाई ना ठेवलं. मग मला रडू फुटलं. वन्सं, मला माफ करा.

स्टँडजवळच्या दुकानात स्कॅन करून पास त्याला पाठवलेत. एकावर साबणाचा डाग आहे, पण नाव दिसतं. मूळ पास सोबत परत पाठवते. ते तुमच्या पेटीतलेच आहेत.

आता माझं ठरलंय. मैल जमा झाले तर तुम्ही जा. पासपोर्ट त्यानं आपल्या दोघींचाही काढून ठेवलाय. त्याला तसं कळवलंही आहे. नाही म्हणायचं नाही.

आपली,
सविता

---

स्टुटगार्ट,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास विश्वजीतचा सा. न.

तुझ्या पासांनी काम केलं. विमान जोडीदार कंपनीचं असलं तरी मी खरंच त्यात बसलो होतो, हे पटायला त्यांना तेवढाच कागद हवा होता. मैल जमा झाले. एका माणसाचं येण्याजाण्याचं तिकीट होतंय. आई म्हणते आत्याला बोलव. तू काय म्हणतेस ते कळव, मी तेच करीन.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. पास कुठं आहेत ते मला पहिल्यापासून माहीत होतं. कपडे धुताना तू ते पुसून पदराखाली घेतलेस, मी ओट्यावरून पाहिलं. आईला टाकले म्हणून सांगितलं ते खोटं. मागितले असते तर तुझ्याजवळ असल्याचं सगळ्यांना कळलं असतं, आणि ते कुणाला कळावं असं तुला वाटत नव्हतं.

आता पास मोबाइलवर येतो, आत्या. कागद कुणी घेत नाही. मी मात्र दर वेळी काउंटरवर रांग लावून कागदाचा मागून घेतो आणि जाकिटाच्या खिशात ठेवतो. तुझ्या हाती लागावा म्हणून.

हर्षदा नमस्कार सांगते. तब्येत सांभाळ, माझ्यावर माया असू दे.

तुझा,
विश्वजीत

---

दौंड,
२५ फेब्रुवारी २०२५

सौ. सविता हिस अनेक आशीर्वाद.

विश्वजीतचं पत्र आलं. मी ते चष्मा पुसून पुसून वाचलं. तुझे दाजी विचारत होते काय झालं, मी म्हटलं कांदा चिरतेय. हातात कांदा नव्हता.

सविता, तूच जायचंस. बाळंतपणाला आई लागते. त्याच्या बारशाला पाळण्यात वाकून त्याच्या कानात नाव मीच सांगितलं होतं, आत्या म्हणून. आईच्या तोंडून नाव गेलं नाही, आत्याच्या तोंडून गेलं. त्या दिवशी मी जी आत्या झाले ती झाले. तो तापानं फणफणला तेव्हा रात्री तू जागलीस. आता हर्षदाच्या उशाशी मी जाऊन बसले तर ते तिकीट माझ्या नावाचं असेल, पण जागा तुझी. मला ते जमणार नाही. तू भीत होतीस असं लिहिलंस. आता भिऊ नकोस. त्याला दिल्याचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही. आठवण यायची, ती येणारच.

माझ्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला घेतली आहे. ती ने. आणि येताना तुझा पास मला आण. कागदाचा माग.

आपल्यात आता आडपडदा ठेवू नकोस.

तुझी,
साळूबाई

---

स्टुटगार्ट,
२९ एप्रिल २०२५

तीर्थरूप वन्संना शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. हर्षदा सुखरूप आहे. पोरीचं नाक आपल्या घराचं आहे, म्हणजे तुमचं आणि तुमच्या भावाचं. काही इलाज नाही.

प्रवासात माझी फजिती झाली ती ऐका. मुंबईला तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि दारात उभं विमान दुसऱ्याच रंगाचं. मी चढायलाच तयार होईना. चुकीच्या विमानात बसले तर कुठं उतरवतील! शेवटी तिथल्या पोरीनं फळ्यावर दोन्ही नंबर दाखवले आणि सांगितलं, की मावशी, ह्यातलं कुठलंही नाव वाचा, जायचं तिथंच पोचाल. मग गुमान जाऊन बसले.

दवाखान्यात बाळ आधी माझ्या हातात दिलं. एवढ्या दिवसांची इच्छा होती, पण त्या क्षणी मला तुम्हीच आठवलात. असंच हातात घेऊन, असंच बघून, तुम्ही माझ्या ओटीत घातलंत. कसं घातलंत, वन्सं? मला तर तिला नर्सच्या हातात द्यायला जड जात होतं. आजवर तुम्हाला हे कधी विचारलं नाही, आणि आता विचारूनही उत्तर मागत नाही.

बाळ तुमच्या गोधडीत झोपलंय. सोबत माझा पास पाठवते. येताना आणायचा होता, पण मला तेवढा दम निघेना. त्याच्याखाली एक टोपडं आहे. नवीन नाही. बाळानं दोन दिवस घातलेलं आहे, मुद्दाम धुतलेलं नाही. ते पेटीत लपवू नका, वरच ठेवा. दिलेल्या लेकराचं कापड मागं ठेवू नये, असं सासूबाई म्हणायच्या. हे लेकरू तुम्ही कुणाला दिलेलं नाही.

विश्वजीत पायाशी डोकं ठेवून नमस्कार सांगतो. आम्ही येईपर्यंत वाट बघा.

तुमचीच,
सविता