फक्त पाच वर्षांखालील मुलांसाठी

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. तुझी खुशाली तिकडच्या थंडीत गोठली नसेल तर कळव.

आता कामाचं. आपल्या संस्थेच्या या दवाखान्यात लसींचे तीन नवे फ्रिज आलेत. खोलीला नवा रंग, बॅटरीवरचे दिवे, दारावर पाटी: ‘फक्त पाच वर्षांखालील मुलांच्या लसीकरणासाठी’. आणि शेजारी बाळंतपणाच्या खोलीत आठ महिने दिवा नाही! परवा टॉर्च दातात धरून मी टाके घातले. दुसऱ्या नर्सलाही घरी बसवलंय. विचारलं तर व्यवस्थापक म्हणतात, पैसे नाहीत. मग फ्रिज काय झाडाला लागले? त्यांच्या पायात मात्र नवे बूट. कुठेतरी पाणी मुरतंय. तू मुख्य कचेरीत आहेस, गुपचूप कागद बघ.

माया आहेच, ती उत्तर पाठवून वाढव.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

कागद पाहिले. कुणी काही खाल्लेलं नाही. हल्ली देणगीदार पैसे देतानाच ठरवून देतात, हे लसीला, ते पाण्याला. लसीचे पैसे दिव्याला लावले तर आम्हीच अडकतो. पूर्वी मोकळे पैसे यायचे, त्यातून पगार, दिवे, छप्पर सगळं निभायचं. ते आटलेत. मग ज्याला पैसे मिळतात तेच काम संस्था हाती घेते. कृपा करून व्यवस्थापकांशी भांडू नकोस. गुडघा शेकतेस ना?

लोभ आहे तसाच ठेव.

तुझा धाकटा

३ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

गुडघ्याची चौकशी करून विषय बदलायची तुझी खोड मला ठाऊक आहे. भांडू नकोस म्हणालास तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणून भांडलेच. व्यवस्थापकांना तोंडावर चोर म्हटलं. त्यांनी कपाटातून फाइल काढून समोर ठेवली आणि मी वाचेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे राहिले. टॉर्चचे सेल ते इतके महिने स्वतःच्या पगारातून आणतायत, हे नंतर शिपायानं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाइलमध्ये लिहिलंय, मेअखेर बाळंतपणाची खोली बंद, तिथे लसींचं सामान ठेवायचं. खाली ‘योजना तयार करणारा’ म्हणून सही. ते अक्षर मीच तुझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलं होतं. हो की नाही, एवढंच लिही.

ताई

१७ एप्रिल

ती. ताईस सा. न.

हो.

देणगीदार म्हणाले, बाळंतपणं हा आमचा विषय नाही. ती योजनेत ठेवलीस तर पैसे येणार नाहीत आणि दवाखानाच बंद होईल, असं साहेबांनी सांगितलं. मला वाटलं, निदान दार उघडं राहील, तुझी नोकरी राहील. तुला सांगायचा धीर झाला नाही. पण ताई, खरं म्हणजे मी एकदाही विरोध करून बघितला नाही. बढती तोंडावर आली होती. आता साहेबांना लेखी कळवलंय की योजना चुकली, बदला. ते म्हणाले, बघू.

रागाव, पण पत्रं थांबवू नकोस.

धाकटा

६ जून

चि. धाकट्यास,

तुझ्या साहेबांनी बघितलेलं दिसत नाही. एकतीस तारखेला खोलीला कुलूप लागलं.

काल दुपारी एकजण बायकोला हातगाडीवरून घेऊन आला. बाळाचं डोकं दिसत होतं. दुसरा दवाखाना दोन तासांवर. मी तिला सरळ फ्रिजच्या खोलीत घेतलं. व्यवस्थापक दारात आले, पाटीकडे बघत थांबले. मला वाटलं, आता अडवणार. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पाणी गरम करायला गेले. मुलगी झाली, चांगली रडली. दोघी सुखरूप आहेत.

जन्मल्यावर द्यायची लस लगेच टोचली आणि नोंदवहीत लिहिलं: ‘लसीकरणासाठी आलेलं मूल. वय दहा मिनिटं. सोबत आई.’ व्यवस्थापकांनी खाली सही केली.

अजून दोघींचे दिवस भरत आलेत. त्यांनाही तिथेच घेणार. महिनाअखेरीस वह्या तपासणीसाठी मुख्य कचेरीत, म्हणजे तुझ्याच टेबलावर येतील. तू काय करशील ते मला सांगता येत नाही. पूर्वी आलं असतं.

आशीर्वाद आहेत.

ताई