डब्यात आलेली बटणं

ता. ४

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांची गोळी तू कुंडीत पुरलीस असं आई सांगत होती.

इकडे चांगली बातमी. आमच्या खोक्यांच्या कारखान्याचे मालक म्हणाले की यापुढे आम्ही नोकर नाही, भागीदार. शनिवारी कागदावर सही केली की सरकारी विम्याची कपात बंद आणि पगार सगळा हातात. कुणाला लागलं, कुणी आजारी पडलं, तर आपण कुटुंबासारखे आहोत, मिळून बघू, असंही म्हणाले. मला पटलं. विमा म्हणजे सरकारने उगाच दाखवलेला कळवळा.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेव.

तुझी नात


ता. ७

चि. शहाणीस,
अ. उ. आ.

गुडघा जागेवर आहे. तुझी अक्कल मात्र दिसत नाही.

भागीदार म्हणे! नफा वाटताना बोलावतो का तो? विम्याचा एक वाटा तुझ्या पगारातून जातो, दुसरा त्याच्या खिशातून. तो वाचवायला एवढी माया फुटली आहे. आणि कुटुंबासारखे? आपलं कुटुंब विसरलीस वाटतं. तुझ्या काकाने माझ्या आजारपणात दोन संत्री आणली आणि वर्षभर ऐकवली.

मी लॉन्ड्रीत होते तेव्हा विमा नव्हता, डबा होता. कुणावर वेळ आली की बिस्किटांचा रिकामा डबा सगळ्यांत फिरायचा. इस्त्रीवालीचा पाय मोडला. ती गोडबोली, तिचा डबा भरला. मग चादरी पिळायच्या यंत्रात माझी बोटं गेली. माझ्या डब्यात बटणं आली, वर मुकादमाचा उपदेश. मी तोंडाळ ना! मी त्यांना जे बोलले होते ते सगळं खरं होतं, हे आणखी वाईट.

पुढे त्याच बटणवाल्यांच्या शेजारी उभं राहून मी यंत्रं बंद पाडली. गावोगावी तसंच झालं. सरकारच्या अंगाशी आलं, तेव्हा कायदा झाला. कळवळा कसला डोंबलाचा! सगळ्यांकडून थोडं घ्यायचं आणि जो पडेल त्याला द्यायचं. तो गोड की कडू, हे कुणी विचारायचं नाही. एवढ्याचसाठी आहे तो विमा. पेन्शनच्या खिडकीवरच्या बाबूला मी तोंडावर मठ्ठ म्हणते, तरी त्याला द्यावीच लागते.

तुझी जीभ माझ्यावर गेली आहे. तुझा डबा कोण भरणार? जा, कर सही.

लोभ मागायची मला सवय नाही.

आजी


ता. १२

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. मालकांनी कारण विचारलं. मी म्हटलं की कुटुंबच आहोत तर आधी कारखाना नावावर करा, मग लगेच करते. खळ लावणाऱ्या दोघी हसल्या आणि त्यांनीही पेन खाली ठेवलं. बाकीच्यांनी केल्या सह्या.

मला आता पुठ्ठा कापायच्या यंत्रावर टाकलं आहे. तिथे कुणी स्वतःहून जात नाही. माझ्यासारखी तोंडाळ बाई जन्मात पाहिली नाही, असं मालक म्हणाले. त्यांनी तुला कुठे पाहिलंय!

त्यांचा लोभ संपला. तुझा असावा. नसला, तरी माझी कपात चालू आहे.

तुझी नात