आप्पांची पत्र्याची ट्रंक

औरंगाबाद
९ जानेवारी १९९४

प्रिय बद्री,

पत्र लांबणार आहे, तेव्हा आधी चहा घे अन् मग वाच. तू कागद दिलेस त्या ग्रंथालयात काल जाऊन आले. आप्पांचे कागद आता निळ्या खोक्यांत लावलेत, प्रत्येकावर चिठ्ठी. आप्पांचे विज्ञानाचे लेख वाचून खेड्यापाड्यांतून आलेल्या कार्डांचं खोकं मी मुद्दाम मागून घेतलं. कुणा सरूबाईंनी मास्तरांकडून लिहून घेतलेलं कार्ड वरच होतं: वीज झाडावरच का पडते, अन् माझ्या म्हशीनं काय पाप केलं होतं? खाली आप्पांच्या उत्तराची नक्कल. म्हशीनं काही पाप केलं नाही बाई, ती बिचारी झाडाखाली उभी होती. आधी हसू आलं, मग तिथंच रडू फुटलं. तिथल्या बाईंनी पाणी आणून दिलं.

तुला आठवतं का आप्पा कसे लिहायचे? सगळं पदार्थविज्ञान हैदराबादला उर्दूत शिकलेले. पोलीस ॲक्शन झाली, कॉलेजातली भाषा बदलली, पण त्यांचं डोकं काही बदललं नाही. आधी उर्दूत घडाघडा लिहायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारायचे, याला तू काय म्हणशील गं? आई भाकरी थापता थापता म्हणेल तो शब्द मराठी प्रतीत जायचा. तू अन् मी मात्र मराठी शाळेतले. बापाचं अक्षर पोरांना वाचता येत नव्हतं. तू शिकून मोठा झालास, तुला ते कधी टोचलं नसेल. मला लई टोचतं.

आता ट्रंकेचं सांगते. आप्पा गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पलंगाखालच्या ट्रंकेला वाळवी लागली. आत सगळे उर्दू कागद. मला वाटलं, हे तर कच्चे कागद, मराठीत उतरवून झालेले. ठेवून काय करायचं? पण रद्दीत घालायला हात होईना. त्या अक्षरात भजी बांधून दिलेली आप्पांना चालली नसती. म्हणून मीच शेजारच्या चांदपाशाचाचांना हाक मारली. सायकलचं दुकान बंद करून आले बिचारे. त्यांना तरी कुठं वाचता येत होतं? पहिला कागद उचलून डोळ्यांना लावला अन् म्हणाले, बेटी, ये कागजां जमीन पे नक्को रखो. त्यांच्यात कुराणाच्या लिपीतली अशी जुनी पानं पाण्यात सोडतात, ठंडी करतात म्हणतात. सायकलवर ट्रंक बांधून पडेगावकडच्या जुन्या विहिरीवर गेले. दगड बांधून एकेक गठ्ठा सोडला. रिकामी ट्रंक धुऊन मला परत आणून दिली. तिच्यात मी अजून गोधड्या ठेवते.

दोन वर्षांनी तू आलास. आप्पांचं आकाशावरचं अख्खं पुस्तक त्या ट्रंकेत होतं, मराठीत अजून उतरलंच नव्हतं, असं तुला आप्पांच्या कॉलेजातल्या दोस्तानं, हैदराबादच्या इब्राहीमचाचांनी सांगितलं. आप्पांचं शेवटचं पुस्तक मी विहिरीत घालवलं, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणाले, कागद चांदपाशाचाचांकडं ठेवायला दिले होते. तू तडक त्यांच्या दुकानात गेलास, मी मागं उंबऱ्यापाशी उभी. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग तुला म्हणाले, हां बेटा, हमसे गुम हो गए. तू त्यांना भर औरंगपुऱ्यात चोर म्हणालास, कागद विकून खाल्ले म्हणालास. मी गप्प राहिले, बद्री. त्यानंतर तीन वर्षं ते समोरून दिसले की मान खाली घालायची ती मीच. ते आपले विचारायचे, बेटी, भाई का खत आया क्या?

मागच्या महिन्यात ते गेले. सांत्वनाला गेले तर त्यांच्या सगीरानं मला आतल्या खोलीत नेलं. लग्न होऊन पोरं झाली तिला, तरी लहानपणीसारखी माझा पदर धरून उभी राहिली. म्हणाली, द्वारकाताई, तू खरं सांग. अब्बानं कागद विकले व्हते का? मी सगळं सांगून टाकलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्यापेक्षा दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आप्पांचं पुस्तक आता काही परत येत नाही. पण त्या ग्रंथालयाची यादी येत्या महिन्यात छापायला जातेय, आणि तिच्यात तू सांगितलेलं वाक्य तसंच आहे: "उर्दू हस्तलिखितं शेजारी चांदपाशा यांनी परस्पर विकली." ते बदला म्हणून काल मी तिथं गेले होते. बाई म्हणाल्या, कागद मुलाच्या नावानं आलेत, त्याची सही लागेल. म्हणून हे पत्र. सोबत अर्ज पाठवतेय. माझ्यावर काय रागवायचं ते रागव, इथं येऊन बोल, मी ऐकून घेईन. पण आधी ते वाक्य खोड अन् खाली लिही: थोरली मुलगी द्वारका हिने, न वाचता, विहिरीत सोडायला दिली. सही कर. आणि माझं नाव नीट लागेल अशा अक्षरात लिही, सगीराला वाचायचंय.

तुझीच,
अक्का